न जिंकणाऱ्या सायकलपटूला पगार कशाचा मिळतो?

दरवर्षी जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की काही प्रश्न हमखास कानावर येतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने परदेशी संघ पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर उतरले, तेव्हापासून तर जास्तच. एवढी माणसं एकमेकांना चिकटून का चालवतात? जो सगळ्यांच्या पुढे घाम गाळत असतो, तो शेवटी दिसेनासा कसा होतो? एकाच रंगाच्या जर्सीतले सात-आठ जण उतरतात आणि जिंकायचं एकानेच, तर बाकीचे आले कशाला?

या प्रश्नांचं उत्तर विजेत्यांच्या चरित्रात सापडत नाही, कारण त्यांचं सगळं निकालातच दिसतं. म्हणून इथे मुद्दाम एक वेगळा माणूस घेतला आहे: पोर्तुगालचा निवृत्त सायकलपटू सर्जियो पाउलिन्यो. जन्म १९८० चा, लिस्बनच्या शेजारच्या ओएराशचा. २००३ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि दीड दशकाहून जास्त काळ टिकला. एवढ्या वर्षांत मोठ्या व्यासपीठावरचं म्हणावं असं यश किती? एक ऑलिंपिक रौप्यपदक, टूर द फ्रान्सचा एक टप्पा आणि स्पेनमधल्या व्हुएल्टा या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा एक टप्पा. पोर्तुगालकडे याहून मोठी नावं आहेत. रुई कोस्ता २०१३ मध्ये जगज्जेता झाला. जुआकिम आगोस्तिन्यो १९७८ आणि १९७९ अशी सलग दोन वर्षं टूरमध्ये तिसरा आला. पण हा खेळ आतून कसा चालतो ते समजून घ्यायचं तर पाउलिन्योइतकं चांगलं उदाहरण नाही. जगातल्या सगळ्यात श्रीमंत संघांनी त्याला वर्षानुवर्षं पगार दिला, आणि तो जिंकण्यासाठी नव्हता.

सगळं वाऱ्यापाशी सुरू होतं

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने सायकल चालवणाऱ्याची ८० ते ९० टक्के ताकद फक्त हवा बाजूला सारण्यात जाते. रस्त्याचं आणि टायरचं घर्षण, साखळी, चाकं या सगळ्यांच्या वाट्याला उरलेली थोडीशी. त्यात हवेचा हिशेब मोठा क्रूर. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला दुप्पट नाही, आठपट ताकद लागते. म्हणूनच ताशी २५ ने तासभर सहज जाणाऱ्या माणसाला ४० ने पाच मिनिटंही जड जातात.

समोरून वारा असताना पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आली आणि तिच्या आडोशाने पायडल एकदम हलकं झालं, हे ज्याने अनुभवलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ट्रॉलीच्या जागी दुसरा सायकलस्वार असला तरी फायदा होतोच. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं तर साधारण पाव ते तृतीयांश ताकद वाचते. आणि शंभर-दीडशे जणांच्या घोळक्याच्या पोटात शिरलं तर? २०१८ मध्ये संशोधकांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. आतल्या जागांवर हवेचा अडथळा एकट्याने चालवताना असतो त्याच्या अवघ्या ५ ते १० टक्के निघाला. घोळका ताशी ५४ ने सुसाट चाललेला असताना आतल्या माणसाला हवा लागते ती ताशी १२ ते १५ ने फेरफटका मारल्याइतकी.

सडकेवरच्या सायकल शर्यतीचं सगळं राजकारण या एका आकड्यातून निघतं. जो पुढे आहे तो खर्च करतो, जो मागे आहे तो साठवतो. शेवटच्या दहा मिनिटांत ज्याच्याकडे साठा जास्त, त्याची जिंकायची शक्यता जास्त.

घाटात मात्र चित्र बदलतं. चढावर वेग ताशी २० च्या खाली आला की हवेचा धाक ओसरतो आणि गुरुत्वाकर्षण समोर उभं राहतं. तिथे कोणाच्या आड लपून फारसा उपयोग नाही. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या किताबाला वेगळा मान आहे तो यामुळेच, तिथे पाय खोटं बोलू शकत नाहीत. पण घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत दीडशे किलोमीटर कोणी कोणाचा वारा खाल्ला, हा प्रश्न उरतोच.

अथेन्स २००४: दोन माणसं आणि एक सेकंद

१४ ऑगस्ट २००४. अथेन्स ऑलिंपिकची पुरुषांची सडक शर्यत, शहरातल्या रस्त्यांवर १७ फेऱ्या, एकूण २२४.४ किलोमीटर, वर ऑगस्टचं ग्रीक ऊन. इटलीचा पाओलो बेत्तिनी संभाव्य विजेत्यांमध्ये होता. एकदिवसीय शर्यतींची विश्वचषक मालिका त्याने त्याआधी सलग दोन वर्षं जिंकली होती. शर्यत संपत आली असताना त्याने घोळक्यातून उसळी घेतली. त्याचं चाक पकडता आलं ते एकालाच, २४ वर्षांच्या पाउलिन्योला. त्याचं नाव तोवर पोर्तुगालबाहेर फारसं कोणी ऐकलं नव्हतं.

आता पाउलिन्योच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मागून घोळका येतोय. दोघांनी आळीपाळीने वारा झेलला तर निसटता येईल, आडमुठेपणा केला तर दोघेही गिळले जातील. पण सहकार्य करून शेवटपर्यंत पोचलात तर अखेरच्या दोनशे मीटरच्या धडाक्यात बेत्तिनी तुमच्यापेक्षा तगडा आहे, हे तुम्हालाही ठाऊक आणि त्यालाही. म्हणजे तुम्ही मारलेलं प्रत्येक पायडल समोरच्याच्या सुवर्णपदकासाठी आहे. ते मारलं नाही तर तुम्हालाही काही मिळणार नाही.

पाउलिन्योने वारा झेलला. बेत्तिनी जिंकला, पाउलिन्यो एका सेकंदाने दुसरा. आठ सेकंदांनी बेल्जियमचा अ‍ॅक्सेल मर्क्स तिसरा आला. महान एडी मर्क्सचा हा मुलगा. पोर्तुगालला सायकलिंगमधलं ते पहिलं ऑलिंपिक पदक, पुढची थेट २०२४ मध्ये पॅरिसच्या बंदिस्त ट्रॅकवर आली.

‘हरणार हे दिसत असताना राबायचं कशाला’ असं कोणाला वाटेल. माझ्या मते त्या दिवशी पाउलिन्योने केलेला हिशेब बिनचूक होता. मोठ्या संघांच्या नजरेत तो भरला तो पायांमुळे, तसाच या हिशेबामुळेही.

रौप्यपदक विजेता दुसऱ्यांच्या बाटल्या का भरू लागला?

पोर्तुगालचे संघ छोटे. त्यांचं वर्षाचं वेळापत्रक बरंचसं देशातल्या देशातच फिरतं. पदकानंतर २००५ मध्ये पाउलिन्यो स्पेनच्या लिबर्टी सेगुरोस संघात गेला. तिथून पुढे डिस्कव्हरी चॅनल, अस्ताना, रेडिओशॅक आणि मग सॅक्सो बँक, जो पुढे टिंकॉफ झाला. एकाहून एक तालेवार संघ, आणि प्रत्येकात त्याचं काम एकच: मदतनीस.

एक दिवसाची शर्यत जिंकणं आणि तीन आठवड्यांची जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूर द फ्रान्समध्ये २१ टप्पे असतात, एकूण साधारण ३,४०० किलोमीटर. विजेता ठरतो तो सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज करून. ज्याची बेरीज सर्वात कमी, तो पिवळ्या जर्सीचा मानकरी. म्हणजे एकही दिवस वाईट जाऊन चालत नाही. आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांत एखाद्या संध्याकाळी पाय गळाले तर दहा मिनिटं जातात, ती परत मिळत नाहीत. रोज झिजायचं आणि रात्रीत पुन्हा उभं राहायचं, असं शरीर जगात मोजक्या माणसांचं असतं. संघ अशा एका-दोघांभोवती बांधला जातो. त्यांना नेता म्हणू. बाकीचे मदतनीस.

आपल्याकडे सभेच्या सतरंज्या अंथरणारा, उचलणारा कार्यकर्ता असतो ना, तोच हा. उमेदवार निवडून येतो तेव्हा गुलालात न्हाणारा चेहरा वेगळा, पण मतदारयाद्या घेऊन उन्हातान्हात फिरलेला माणूस हाच. फरक एवढाच की सायकलिंगमध्ये या कार्यकर्त्याला लेखी करार असतो, वार्षिक पगार असतो आणि चांगल्या कार्यकर्त्याला पळवायला दुसरे पक्ष टपलेले असतात.

हा माणूस नेमकं करतो काय?

सगळ्यात आधी पाणी. उन्हाच्या टप्प्यात एकेका स्वाराला कितीतरी बाटल्या लागतात आणि त्या असतात घोळक्याच्या मागे चालणाऱ्या संघाच्या गाडीत. नेता स्वतः मागे जाणार नाही. परत पुढे यायला खर्च होणारी ताकद त्याला परवडत नाही. मग मदतनीस हळूहळू घोळक्याच्या शेपटाला येतो, गाडीशी समांतर होतो आणि खिडकीतून एकेक बाटली घेऊन जर्सीत कोंबू लागतो. पाठीचे तीन खिसे भरले की मानेपाशी आत सरकवतो, मग छातीपाशी. आठ-नऊ बाटल्या झाल्या की पाठीला कुबड आल्यासारखं दिसतं. चार-पाच किलोंचं ते ओझं घेऊन ताशी ४५ ने चाललेल्या दीडशे जणांतून वाट काढत तो पुढे येतो, वाटप करतो. तासाभराने पुन्हा तेच.

नेत्याची सायकल पंक्चर झाली तर गाडी पोचेपर्यंत थांबायला वेळ नसतो. जवळचा मदतनीस आपलं चाक काढून देतो, मापं जुळत असतील तर आख्खी सायकलच देतो आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहतो. आडवा वारा सुटला की घोळका तिरप्या रांगांमध्ये फुटतो आणि चुकीच्या रांगेत अडकलेल्याचे मिनिटभरात शंभर मीटर जातात. अशा वेळी वाऱ्याच्या बाजूला मदतनीस, त्याच्या आडोशाला नेता. आणि घाट सुरू झाला की मदतनिसांनी एकापाठोपाठ एक पुढे येऊन असा वेग धरायचा की प्रतिस्पर्ध्यांना हल्ला करायला श्वासच उरू नये. आपला वाटा संपला की बाजूला व्हायचं. टीव्हीवर एखादा स्वार एकदम थांबल्यासारखा मागे पडताना दिसतो ना, तो दमलेला असतो हे खरंच. पण त्याचं त्या दिवसाचं काम पूर्ण झालेलं असतं.

यात दोन जाती असतात. धिप्पाड गडी सपाटीवर तासन्‌तास वारा झेलतात, हलके गडी घाटात उपयोगी पडतात. पाउलिन्यो दोन्हीकडे चालायचा, सपाटीवर एकट्याने वेग राखू शकायचा आणि मध्यम घाटांत मागे पडायचा नाही. असा माणूस टप्प्याच्या बऱ्याच उशिरापर्यंत नेत्याजवळ राहतो, त्याची किंमत त्यातच आहे. स्पेनचा अल्बर्टो कोन्तादोर २००७ आणि २००९ ची टूर जिंकला तेव्हा पाउलिन्यो संघात होता. कोन्तादोरने जिंकलेल्या २०१४ च्या व्हुएल्टात आणि २०१५ च्या जिरो या इटलीतल्या तशाच तीन आठवड्यांच्या शर्यतीतही होता. पण त्याचं काम नीट पाहायचं तर २०१२ कडे जायला हवं.

फुएन्ते दे, ५ सप्टेंबर २०१२

व्हुएल्टाचा सतरावा टप्पा, सांतान्देर ते फुएन्ते दे. एकूण वेळेत होआकिन रॉड्रिगेझ पहिला, कोन्तादोर २८ सेकंदांनी मागे. आधीच्या दोन आठवड्यांत कोन्तादोरने डोंगरमाथ्यावर पुन्हा पुन्हा हल्ले केले होते, रॉड्रिगेझ दर वेळी पुरून उरला होता. उभ्या चढावर तो कोन्तादोरला ऐकत नव्हता. आणि हा टप्पा तर कागदावर साधाच, शेवटचा चढ लांब पण सौम्य. इथे काही घडेल असं कोणाच्या मनात नव्हतं.

कोन्तादोरच्या संघाने सकाळीच एक गोष्ट केली होती. दिवसाच्या सुरुवातीला काही स्वार घोळका सोडून पुढे सटकतात, त्या टोळीत आपली माणसं बसवली: हेसूस एर्नांदेझ आणि पाउलिन्यो. टोळीत जाऊन टप्पा जिंकणं हा त्यांचा उद्देश नव्हता. ते पुढे जाऊन वाट बघणार होते.

सुमारे ५० किलोमीटर बाकी असताना, ज्याला सगळे ‘दुसऱ्या फळीतला’ घाट समजत होते तिथे, कोन्तादोरने हल्ला चढवला. एरवी एवढ्या लांबून केलेला हल्ला म्हणजे आत्महत्या. माथ्यानंतर सपाटी लागते, एकटा माणूस वाऱ्यात सापडतो, मागचा घोळका त्याला आरामात गाठतो. पण कोन्तादोर माथा ओलांडून गेला तेव्हा पुढच्या रस्त्यावर त्याचे दोन मदतनीस पायांत ताकद राखून हजर होते. सपाटीवरचा वारा त्यांनी झेलला. पाय रिकामे होईपर्यंत झेलला आणि मग बाजूला झाले. मागे रॉड्रिगेझकडे तेवढी फौज उरली नव्हती.

शेवटी कोन्तादोरने स्पेनच्याच वाल्वेर्देच्या सहा सेकंद आधी रेषा ओलांडली. रॉड्रिगेझ २ मिनिटं ३८ सेकंदांनी मागे आला. व्हुएल्टात आघाडीवर असलेल्याची लाल जर्सी त्याच्याकडून गेली, व्हुएल्टा तिथेच संपल्यात जमा झाली. वर्तमानपत्रांत फोटो कोन्तादोरचा आला, तो यायलाच हवा होता, एवढं धाडस त्याचंच. पण रस्त्यावर आधीच दोन माणसं पेरलेली नसती तर हे धाडस रॉड्रिगेझने हसून सोडून दिलं असतं.

मग मदतनिसाला जिंकायला मिळतच नाही?

मिळतं, पण नेत्याचा दिवस संपल्यावर. २०१० च्या टूरमध्ये पाउलिन्यो रेडिओशॅक संघात होता, नेता लान्स आर्मस्ट्राँग. ११ जुलैला आल्प्सच्या पहिल्या मोठ्या टप्प्यात आर्मस्ट्राँग पडला, अडखळला आणि बारा मिनिटांच्या आसपास मागे फेकला गेला. त्याची आशा तिथेच संपली आणि मदतनिसांचे हात थोडे मोकळे झाले.

तीन दिवसांनी, १४ जुलैला, शांबेरी ते गॅप असा १७९ किलोमीटरचा टप्पा. सहा जण पुढे सटकले, त्यात पाउलिन्यो. मागच्या घोळक्याने त्यांना जाऊ दिलं. लोकांना इथेच कोडं पडतं: शर्यत आहे आणि जाऊ दिलं म्हणजे काय? अहो, त्या सहांपैकी एकूण वेळेत कोणीच पुढच्या जागांच्या जवळपास नव्हता. ते दहा मिनिटांनी पुढे गेले तरी पिवळ्या जर्सीला धक्का लागत नव्हता. पाठलाग करायचा तर पिवळ्या जर्सीच्या संघाला दिवसभर वारा खावा लागणार, उद्याच्या घाटासाठीचे पाय आजच झिजणार. म्हणून घोळका हिशेब करून शांत राहतो. त्या दिवशी तो तब्बल चौदा मिनिटांहून जास्त उशिरा गॅपला पोचला.

पुढच्या टोळीत मात्र जिवाची लढाई. फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, त्यामुळे टोळीतल्या फ्रेंच स्वारांना उधाण आलेलं. शेवटच्या पंधरा किलोमीटरच्या आत पाउलिन्यो आणि बेलारुसचा वासिल किरियेंका असे दोघेच निसटले. सहा वर्षांपूर्वी अथेन्समध्ये जे घडलं होतं तेच पुन्हा: दोन माणसं, एक रेषा, शेवटचा धडाका. या वेळी पाउलिन्यो पुढे निघाला, सायकलच्या चाकाइतक्या फरकाने. टूरमध्ये पोर्तुगीज स्वाराने टप्पा जिंकायला २१ वर्षं लागली होती. आधीचा विजेता १९८९ मधला आकासियो दा सिल्वा.

पण मग हे संगनमतच झालं की!

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर अर्धं ‘हो’ आहे. संघांतर्गत ठरवाठरवी हा नियमांत बसणारा खेळाचा भाग आहे. संघाने आपल्याच स्वाराला ‘तू आज जिंकू नकोस, मागे थांब’ असं सांगणं इथे उजळ माथ्याने होतं. वेगवेगळ्या संघांचे हितसंबंध जुळले तर तेही काही काळ एकत्र वारा झेलतात, अथेन्समध्ये बेत्तिनी आणि पाउलिन्योने केलं तसंच. हद्द ओलांडली जाते ती पैसे घेऊन निकाल विकला तर. तो गुन्हाच.

नेत्याचं कर्तृत्व यातून कमी होतं का? मदतनीस त्याला घाटाच्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरपर्यंत ताजातवाना पोचवू शकतात. त्यापुढे तो एकटाच असतो. आणि दर मोठ्या शर्यतीत एक-दोन टप्पे असे असतात की प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाविरुद्ध जायचं, कोणाच्या मागे लपायचं नाही. तिथे कार्यकर्त्यांची फौज कामाची नाही.

पैशाचं म्हणाल तर टूरच्या विजेत्याला बक्षीस ५ लाख युरो आणि टप्पा जिंकणाऱ्याला ११ हजार. या खेळाच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. जुनी रीत अशी की विजेता ही रक्कम संघातले सहकारी आणि कर्मचारी यांच्यात वाटून टाकतो. खरं उत्पन्न प्रायोजकाच्या पगारातून येतं, आणि प्रायोजक बदलला की संघाचं नावच बदलतं. पाउलिन्योच्या कारकिर्दीत वित्तसंस्था, टीव्ही वाहिनी, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असं सगळं छातीवर येऊन गेलं. टिंकॉफ संघ २०१६ अखेर बंद पडला, तेव्हा तो मायदेशी एफापेल संघात परतला आणि शेवटची वर्षं तिथे काढली.

आणि उत्तेजकांचं काय?

हा विषय टाळून त्या काळाबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. मे २००६ मध्ये स्पॅनिश पोलिसांनी ‘ऑपेरासियोन पुएर्तो’ या नावाने रक्तात फेरफार करणाऱ्या जाळ्यावर छापे घातले. अटक झालेल्यांमध्ये पाउलिन्योच्या संघाचा प्रमुख मानोलो साइझ होता. लिबर्टी सेगुरोसने पाठिंबा काढला, कझाकस्तानच्या पैशावर संघ अस्ताना-वुर्थ नावाने उभा राहिला. टूरच्या आदल्या दिवशी प्रकरणात नाव आलेले पाच स्वार बाहेर काढले गेले. त्यात कोन्तादोर होता आणि पाउलिन्योही. नऊपैकी चारच उरले. नियमाप्रमाणे किमान सहा हवेत, म्हणून ज्याचं नाव कशातही नव्हतं तो नेता विनोकुरोवही घरी गेला. जुलै संपता संपता स्पॅनिश न्यायालयाकडून या पाच जणांना निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळाला, पण तोवर टूर संपली होती. त्याच सप्टेंबरात पाउलिन्योने व्हुएल्टाचा दहावा टप्पा जिंकला आणि ती व्हुएल्टा विनोकुरोवने.

पुढे २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगचे १९९८ पासूनचे निकाल रद्द झाले. २०१० च्या टूरमध्ये कोन्तादोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, म्हणून त्याची ती टूर आणि २०११ ची जिरो गेली. या दोन्ही वर्षी पाउलिन्यो दुसऱ्या संघात होता. ज्या कोन्तादोर-विजयांत तो होता ते अधिकृत यादीत आजही उभे आहेत. हा निव्वळ योगायोग, त्यातून कोणाच्या चारित्र्याचा दाखला काढू नये. पण मदतनिसाचं नशीब नेत्याच्या नशिबाला किती घट्ट बांधलेलं असतं ते यातून दिसतं. नेत्याचा निकाल पुसला गेला की याने झेललेला वाराही हिशेबातून जातो.

धोका फक्त बदनामीचा नसतो. २०१५ च्या व्हुएल्टात, अँडोराच्या डोंगराळ टप्प्यात, पाउलिन्योला शर्यतीतल्याच मोटारसायकलने धडक दिली. पायाला खोल जखम, टाके, शर्यत सोडावी लागली. तीनच टप्प्यांपूर्वी त्याच संघाच्या पीटर सागानला अशाच मोटारसायकलने उडवलं होतं. संघाने व्हुएल्टा सोडून जाण्याची धमकी दिली. सागानची बातमी जगभर झाली, पाउलिन्योची त्यामानाने कुठे कोपऱ्यात.

आजही असंच चालतं?

हो, आणि योगायोगाने आजच्या सगळ्यात गाजणाऱ्या मदतनिसांपैकी एक पुन्हा पोर्तुगीजच आहे: जुआंव आल्मेइदा. संघ यूएई, नेता तादेज पोगाचार. २०२४ च्या टूरच्या चौथ्या टप्प्यात, गालिबिए घाटात, आल्मेइदा पुढे वेग धरून होता. त्याच्याच संघातला स्पेनचा तरुण हुआन आयुसो मागे रेंगाळला होता. आल्मेइदाने मान वळवली आणि हात हलवून त्याला ‘पुढे ये, तुझी पाळी आहे’ असं सगळ्या जगासमोर बजावलं. ते दृश्य शोधून जरूर बघा. मदतनिसांचा अलिखित करार पाच सेकंदांत कळतो. पोगाचार टूर जिंकला, आणि राबून राबून आल्मेइदा स्वतः चौथा आला. पाउलिन्योपेक्षा तो इथेच वेगळा: याच्याकडे नेता होण्याजोगं शरीर आहे.

ते सिद्ध करायची संधी त्याला २०२५ च्या व्हुएल्टात मिळाली. पोगाचार नव्हता, डेन्मार्कच्या योनास विंगेगोरशी सामना होता. स्पेनमधला सगळ्यात भीतिदायक चढ म्हणजे आंग्लिरू, तिथे आल्मेइदाने विंगेगोरला हरवलं. यूएईच्या स्वारांनी त्या व्हुएल्टात सांघिक घड्याळी टप्पा धरून एकूण सात टप्पे जिंकले. आयुसोने दोन, ऑस्ट्रेलियाच्या जे वाइनने दोन, जो तो आपापल्या विजयामागे. नेत्याच्या शेजारी थांबायला कोण आहे, असा प्रश्न समालोचक तेव्हा रोज विचारत होते. अखेरचा हिशेब झाला तेव्हा आल्मेइदा दुसरा होता, १ मिनिट १६ सेकंदांनी मागे.